पहिलं कॉकटेल, लग्नाचा दहावा वाढदिवस आणि परतीचे साठ किलोमीटर

पत्र : नमस्कार. आम्ही जालन्याचे. पुढच्या महिन्यात लग्नाला दहा वर्षं होतात. दोन्ही लेकरं सासूबाईंकडे ठेवून संभाजीनगरला एखाद्या चांगल्या, मोठ्या हॉटेलात जेवायला जायचं ठरवलंय. बिल मी माझ्या पगारातून देणार, बजेट सहा हजार. मी ३२ वर्षांची, पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा खात नाही. हे ३६ चे, सगळं खातात. मित्रांसोबत कधीमधी एखादी स्ट्राँग बियर घेतात आणि वर ‘बियरच तर आहे’ म्हणतात. मला एकदा कॉकटेल पिऊन बघायचंय, आजवर थेंबही घेतलेला नाही. अडचणी अशा : वाढदिवस गुरुवारी येतो आणि माझा गुरुवार असतो. यांना वर्षभरापासून शुगरची गोळी सुरू आहे. मेनूकार्डातलं निम्मं कळत नाही, वेटरसमोर फजिती नको. रात्री गाडी हेच चालवतील. आणि घरी सासूबाईंना वास यायला नको. कसं करावं?

उत्तर :

ताई, सगळ्यात मोठी अडचण तुम्ही जाता जाता लिहून गेलात : ‘रात्री गाडी हेच चालवतील.’ आधी ती सोडवू. ती सुटली की सासूबाईंचा प्रश्नही आपोआप सुटतो.

आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक व्हिस्की, रम, जिनमध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे ३० मिलीच्या स्मॉल पेगमधून साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. ते निपटायला यकृताला तास ते दीड तास लागतो, आणि हा वेग वाढवणारं काहीही नाही. काळी कॉफी, ताक, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, कशानेच नाही. कॉफीने डोळे उघडे राहतात इतकंच, रक्तातलं अल्कोहोल जिथल्या तिथे असतं. कायद्याने १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दोन ड्रिंक घेतलेला माणूस ही मर्यादा सहज ओलांडून बसतो, आणि आपण कितीवर आहोत हे त्याला स्वतःला अजिबात सांगता येत नाही.

आता ‘बियरच तर आहे’चा हिशेब. ६५० मिलीच्या बाटलीत ७ टक्के अल्कोहोल धरलं तर ते होतं ३६ ग्रॅम, म्हणजे साडेतीन स्मॉल पेग. वाळूज-चिकलठाण्याला मोठमोठ्या कंपन्यांचे बियरचे कारखाने आहेत, आपल्या भागात बियरचं कुणाला नवल नाही. त्यामुळेच तिला कुणी मोजत नाही. हा आकडा यांच्या कानावर घाला, पण जेवणाच्या टेबलावर नको. आदल्या आठवड्यात घाला.

तेव्हा रस्ते तीनच. पहिला, दोघांपैकी गाडी चालवणाऱ्याने अजिबात घ्यायचं नाही. तुम्हाला गाडी येत असेल आणि कॉकटेलची हौस पुढे ढकलायची असेल तर ठीक, पण मग मुद्दाच संपला. दुसरा, जालन्याहूनच ओळखीचा ड्रायव्हर घेऊन जायचं. त्याच्या जेवणाची सोय करायची आणि परतीची वेळ आधीच सांगून ठेवायची, नाहीतर रात्री दहानंतर त्याचे फोन सुरू होतात आणि तुमचं लक्ष घड्याळाकडे लागतं. तिसरा, रात्री संभाजीनगरलाच मुक्काम. आमचं मत विचाराल तर तिसरा. जेवायचं त्याच हॉटेलात राहायची गरज नाही. सिडको, जालना रोड, स्टेशनच्या बाजूला साधी, स्वच्छ हॉटेलं भरपूर आहेत. संध्याकाळी खोली घ्या, गाडी तिथेच उभी करा आणि जेवायला रिक्षाने किंवा कॅबने जा. हा खर्च तुमच्या सहा हजारांत बसणार नाही, तो वेगळा धरा.

आणि वास. बडीशेप, वेलदोडा, पान, टूथपेस्ट, सगळे उपाय फक्त तोंडापुरते. अल्कोहोलचा वास फुफ्फुसातून, श्वासावाटे येतो. रक्तातलं उतरलं की तोही जातो. रात्री मुक्काम केला की सकाळी सासूबाईंसमोर निवांत चहा घ्या.

गुरुवारचं बघू. उपवासाच्या दिवशी घ्यायचं की नाही हा तुमच्या श्रद्धेचा प्रश्न, त्यात आम्ही पडत नाही. पण रिकाम्या पोटाचा प्रश्न शरीराचा आहे. दुपारी साबुदाण्याची खिचडी, मग थेट रात्री आठला कॉकटेल, तेही आयुष्यातलं पहिलं, असं केलं तर अर्ध्या ग्लासातच डोकं गरगरेल आणि जेवण तसंच राहील. पोटात अन्न असलं की अल्कोहोल जठरात थांबतं, हळूहळू पुढे सरकतं. रिकाम्या पोटी ते झपाट्याने लहान आतड्यात उतरतं आणि तिथून लगेच रक्तात. म्हणून गुरुवारी घरी गोडधोड करा, देवाला नैवेद्य दाखवा आणि हॉटेलचा बेत शुक्रवारी ठेवा. शनिवार टाळलेला बरा. त्या रात्री गर्दी असते, बारवर ऑर्डरी तुंबतात आणि घाईत केलेलं कॉकटेल हमखास बिघडतं.

तारीख ठरवताना ड्राय डे बघायला विसरू नका. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी आणि कार्तिकी एकादशी हे लक्षात राहतात. गडबड होते ती निवडणुकीत : मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत दारू मिळत नाही, आणि हे पुष्कळांना टेबलावर बसल्यावरच कळतं.

यांच्या गोळीबद्दल मात्र डॉक्टरांना फोन कराच. शुगरच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. ग्लिमेपिराइडसारखी, स्वादुपिंडाकडून जास्त इन्सुलिन सोडवून घेणारी गोळी असेल किंवा इन्सुलिन सुरू असेल तर दारूने साखर धोकादायक खाली जाऊ शकते. यकृत अल्कोहोल निपटण्यात गुंतलं की रक्तात साखर सोडण्याचं त्याचं काम मागे पडतं. गोम अशी की साखर उतरल्याची लक्षणं, म्हणजे घाम, थरथर, जीभ जड होणं, असंबद्ध बोलणं, ही अगदी दारू चढल्यासारखीच दिसतात. शेजारच्यांना वाटतं, ‘चढली याला.’ तेव्हा डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा, संध्याकाळचा डोस कधी घ्यायचा ते विचारा, ग्लुकोमीटर सोबत ठेवा आणि झोपण्याआधी एकदा तपासा. साखर दारू पिताना उतरेलच असं नाही, पहाटेही उतरू शकते. डॉक्टर ‘नको’ म्हणाले तर नको, त्यात घासाघीस करू नका. तुमचंही तेच : दिवस राहण्याची शक्यता असेल तर थेंबही नको. जुलाबावर देतात ती मेट्रोनिडॅझोल, झोपेची किंवा अॅलर्जीची गोळी सुरू असेल तर त्या आठवड्यात बेत पुढे ढकला.

आता हॉटेलला फोन. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान करा. दुपारचं जेवण आटोपलेलं असतं, रात्रीची धावपळ सुरू झालेली नसते, मॅनेजर नीट बोलतो. पहिला प्रश्न : कॉकटेल जेवणाच्या टेबलावर मिळतं की फक्त बारमध्ये? आपल्याकडे अजूनही पुष्कळ ठिकाणी परमिट रूम वेगळी आणि फॅमिली सेक्शन वेगळा असतो. फॅमिलीत बसलात तर दारू नाही, परमिट रूममध्ये बसलात तर भोवती सगळे पुरुष आणि टीव्हीवर मॅच. दुसरा : त्या दिवशी बारटेंडर आहे ना? मेनूवर तीस कॉकटेलं छापलेली असतात, पण बनवणारा सुट्टीवर असला की वेटरच बाटलीतला तयार पाक आणि सोडा ढवळून आणतो. तिसरा : जेवणावर जीएसटी ५ टक्के की १८? दारूवर व्हॅट किती? सर्व्हिस चार्ज लावता का? बाहेरचा केक आणलेला चालतो का, कापायचे पैसे घेता का, तेही विचारून घ्या. आणि शेवटी सांगा : ‘स्पीकरपासून आणि एसीच्या झोतापासून लांबचं टेबल द्या. आमच्यात एक जण पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. आणि बिल माझ्याकडे आणा.’ हे शेवटचं सांगितलं नाही तर वेटर सवयीने बिलाचं पाकीट पुरुषापुढे ठेवतो आणि तिथे ओढाताण होते.

साडेसातला पोचा. बार निवांत असतो, बारटेंडरला तुमच्याशी दोन शब्द बोलायला सवड असते. यांना चप्पल आणि हाफ पँट नको म्हणा, काही ठिकाणी दारातच अडवतात. तुम्ही स्टोल किंवा शाल ठेवा, अशा हॉटेलांत एसी अंगावर येतो. दोघांची ओळखपत्रं घ्या. महाराष्ट्रात बियर-वाइनला २१ आणि व्हिस्की-जिनसारख्या कडक दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. कायद्याने पिण्याचा परवानाही लागतो. विदेशी दारूचा एक दिवसाचा ५ रुपयांना, वर्षाचा १०० ला, आजन्म १,००० ला. बिलात ‘परमिट’ म्हणून पाच-पाच रुपये दिसले तर वाद घालू नका, ते रास्त आहेत.

बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो : ‘मॅडम, मिनरल की रेग्युलर?’ रेग्युलर म्हणा. संकोचून ‘मिनरल’ म्हटलं की शंभर-दीडशेची बाटली फुटते आणि ग्लास अर्धा झाला की दुसरी येते. त्यानंतर बारचा मेनू पुढे येईल. तो हातात घ्या, वाचा, पण ऑर्डर आधी स्टार्टरची द्या. पनीर टिक्का, दही के कबाब, यांच्यासाठी चिकन टिक्का, असं प्रथिनं आणि थोडी चरबी असलेलं काहीतरी. मसाला पापड आणि खारे शेंगदाणे हा चकणा झाला. त्याने पोट भरत नाही, तहान मात्र वाढते. स्टार्टर टेबलावर आलं, चार घास पोटात गेले की मग कॉकटेल सांगा.

कॉकटेलच्या नावांना घाबरण्यासारखं काही नाही. बहुतेकांची गत आमटीसारखी असते : मूळ वस्तू एक, तिला आंबट, गोड आणि पातळ करणारं काहीतरी. मूळ म्हणजे जिन, व्होडका, रम, टकीला, व्हिस्की. आंबट म्हणजे लिंबू. गोड म्हणजे साखरपाक किंवा फळाचं सिरप. पातळ म्हणजे सोडा, टॉनिक, रस किंवा वितळणारा बर्फ. हे चार कोण आणि किती एवढं विचारलं की कुठलंही नाव कळतं. वेटरला सरळ विचारा, ‘यात काय काय आणि किती आहे?’ फजिती होते ती न विचारता मागवल्यावर. महागड्या हॉटेलात तुम्ही दर मोजता त्यात सांगणाऱ्याचा वेळही धरलेला असतो, तो वसूल करा.

तुमच्यासाठी उंच ग्लासातलं, सोडा घातलेलं बरं. टॉम कॉलिन्स म्हणून एक असतं : जिन ४५ मिली, लिंबाचा रस ३०, साखरपाक १५ आणि वर सोडा. त्याच जातीचं मोहितो : पांढरी रम ४५, लिंबू २०, दोन चमचे साखर, पुदिना आणि सोडा. दोन्हींत ‘थर्टी एमएलमध्येच बनवा’ असं सांगता येतं. दर तोच लागेल, पण पहिल्या वेळेला तेवढं पुरे. मोहितो बिघडतो तो पुदिना चटणीसारखा चेचल्यामुळे. मग तो कडू होतो आणि स्ट्रॉमध्ये पानांचा चोथा अडकतो. पुदिना नुसता दाबून वास सोडायला लावायचा असतो. चोथा आला तर परत द्या, बिनधास्त.

तुम्ही जालन्याच्या, म्हणून एक सुचवतो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि जिनमध्ये मोसंबी फार छान बसते. बारटेंडरला सांगा : जिन ३०, मोसंबीचा ताजा रस ९०, लिंबू १०, भरपूर बर्फ, पाक नको. लिंबू विसरू द्यायचं नाही, कारण मोसंबीत गोडी असते, आंबटपणा जवळजवळ नसतो आणि नुसत्या रसाने पेय मिळमिळीत लागतं. रस समोर काढलेलाच हवा. काढून ठेवलेली मोसंबी थोड्या वेळात कडवट होते, हे रसवंतीवाल्यांना पक्कं ठाऊक असतं, बारवाल्यांना असेलच असं नाही. डब्यातला ‘ऑरेंज’ वापरणार असतील तर हा नाद सोडा, टॉम कॉलिन्सच घ्या.

पहिल्या वेळी चार नावं टाळा. लाँग आयलंड आइस्ड टी : चहाचा थेंब नाही, व्होडका, जिन, रम, टकीला आणि संत्र्याची लिक्यूर (गोड दारू), प्रत्येकी १५ मिली धरली तरी ७५ मिली झाली, वर कोला. गोड लागतं, गटागट जातं आणि उठायला गेलं की समजतं. मार्टिनी आणि निग्रोनी : दोन्हींत दारूशिवाय जवळपास काही नाही, शिवाय निग्रोनी कडूजहर. आणि शॉट, कुणी फुकट दिला तरी. एकूणच, गोड कॉकटेल म्हणजे हलकं कॉकटेल हा समज डोक्यातून काढा. साखर दारूची धार झाकते, दारू कमी करत नाही.

शाकाहाराचं इथे विशेष जपा, कारण बारमध्ये अंडं-मासे असतील असं कुणाच्या मनातही येत नाही. व्हिस्की सोअरवरचा तो सुंदर पांढरा फेस पुष्कळदा अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. ‘सोअर’ किंवा ‘फिझ’ नावाचं काहीही घेताना विचारा. अंड्याऐवजी छोले शिजवलेलं पाणी घुसळूनही फेस आणतात, नाहीतर बिनफेसाचं मागा, चवीत फार उणं पडत नाही. ब्लडी मेरीत टोमॅटोच्या रसासोबत वूस्टरशायर सॉस पडतो आणि मूळ पाककृतीत त्यात अँचोव्ही मासे असतात. जेवणातही तेच. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही आणि अंडं, अस्सल पार्मेझान चीजमध्ये दूध फाडायला वापरलेलं वासराच्या जठरातलं रेनेट, पन्ना कोटा आणि कित्येक मूस या गोड पदार्थांत प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेलं जिलेटिन, तिरामिसूत अंडं आणि बऱ्याचदा दारूसुद्धा. मेनूवरचा हिरवा ठिपका बघाच, पण तळणाची कढई वेगळी आहे का तेही विचारा. फ्रेंच फ्राइज आणि चिकन एकाच तेलात तळलं जाण्याची शक्यता असते.

यांच्यासाठी कॉकटेलपेक्षा व्हिस्की-सोडा बरा. कारण साखर. निम्मी साखर, निम्मं पाणी असा २० मिली पाक म्हणजे १२ ग्रॅम साखर, तीन चहाचे चमचे. टॉनिक वॉटर कडू लागतं म्हणून लोक त्याला औषधासारखं बिनसाखरेचं समजतात. प्रत्यक्षात नेहमीच्या टॉनिकच्या २०० मिलीत चारेक चमचे साखर निघते. कॉकटेलच हवं असेल तर ओल्ड फॅशन्ड : व्हिस्की, साखरेचा एकच खडा, बिटर्सचे (मसाल्यांच्या कडू अर्काचे) थेंब, संत्र्याची साल, एक मोठा बर्फ. साखर कमी, पण व्हिस्की ४५ ते ६० मिली, तेव्हा ते सावकाश घ्यायचं आणि एकच. ऑर्डर घेताना ‘सर, लार्ज करू?’ असं सहज विचारतात. लार्ज म्हणजे ६०, दुप्पट दारू आणि दुप्पट पैसे. ‘स्मॉल’ असं स्पष्ट सांगा आणि मापाने ओतायला सांगा. ब्रँडही विचारून घ्या. नाव न घेता नुसतं ‘चांगली’ म्हटलं की कपाटातली सगळ्यात महाग बाटली खाली येते.

वेग असा ठेवा : एक ग्लास पाऊण तास, सोबत तेवढंच साधं पाणी. दुसरं ड्रिंक यांच्यापुरतं, तेही स्मॉल, मेन कोर्स टेबलावर आल्यावर. वेटर ग्लासात तळ दिसू लागला की ‘रिपीट?’ म्हणतो. मान हलवली की ऑर्डर गेली, म्हणून तोंडाने ‘नको, सांगू नंतर’ असं म्हणा. तुम्ही दुसऱ्या फेरीला मॉकटेल, म्हणजे बिनदारूचं कॉकटेल घ्या, त्यात पाक अर्धा घालायला सांगा.

जेवण झणझणीत नको. तिखटाने तोंड पोळलेलं असलं की दारूची आग दुप्पट लागते आणि माणूस ती विझवायला अजून पितो. पास्ता, रिसोटो, ग्रिल केलेल्या भाज्या, पनीर मखनी, दाल आणि तंदूरी रोटी, यांच्यासाठी ग्रिल्ड मासा किंवा चिकन. संभाजीनगरला गेलो आणि नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) नाही खाल्लं असं यांना वाटत असेल तर ते दुसऱ्या दिवशी दुपारी, जुन्या शहरात, पंगतीसारख्या गर्दीत बसून खाऊ द्या. एसीत, जिनसोबत ते खाण्यात काही राम नाही.

काट्या-चमच्याची भीती फार धरू नका. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या, नॅपकिन मांडीवर. खाणं थांबलंय पण संपलं नाही, तर दोन्ही ताटात तिरके टेकवून ठेवा. संपलं की शेजारी-शेजारी सरळ ठेवा, वेटर ताट उचलतो. रोटी-नान हातानेच खायचं, जगातल्या कुठल्याही हॉटेलात.

पैशांचा अंदाज देतो, दर समजण्यापुरते धरलेले आहेत. दोन स्टार्टर, दोन मेन कोर्स, रोट्या, एक मॉकटेल आणि एक डेझर्ट मिळून २,५०० रुपये. जीएसटी ५ टक्के असेल तर १२५. ज्या हॉटेलच्या खोल्यांचं भाडं दिवसाला ७,५०० च्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के लागतो, म्हणजे ४५०. तीन ड्रिंक सहाशेच्या दराने १,८००. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. तो १० टक्के धरला तर १८०, मोठ्या तारांकित हॉटेलात जास्तही असतो. म्हणजे बेरीज ४,६०५ किंवा ४,९३०. सहा हजारांत टिप आणि रिक्षासकट बसतं. चौथं-पाचवं ड्रिंक आलं की बसत नाही.

बिल आल्यावर चार गोष्टी बघा. ड्रिंकची संख्या जुळते का, स्मॉलचं लार्ज झालंय का, जीएसटी फक्त जेवणावर आणि मॉकटेलवर लावलाय का, आणि सर्व्हिस चार्ज. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. ‘हा काढून द्या’ एवढंच म्हणा, आवाज चढवायची गरज पडत नाही. वाचलेले पैसे वेटरच्या हातात द्या, त्याने तुमचे पंचवीस प्रश्न ऐकलेले असतील. तळघरातल्या किंवा जाड भिंतींच्या हॉटेलात यूपीआयचं चक्र फिरत राहतं, म्हणून कार्ड किंवा थोडी रोकड सोबत असू द्या.

खोलीवर आल्यावर दोघांनी पोटभर पाणी प्या. यांची शुगर तपासा, आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर दोन बिस्किटं खाऊ घाला. डोकं दुखलं तरी रात्री पॅरासिटामॉल नको, दारू आणि ती गोळी दोन्ही यकृतावरच जातात. साडेदहाला शेवटचा घोट झाला असेल तर सकाळी नाश्ता करून नऊ-साडेनऊला निघा. यांनी तुमची नजर चुकवून रात्री जास्त घेतलेली असेल तर दुपार करा, कारण सकाळच्या तपासणीतही यंत्र तोच आकडा बघतं.